आधी उतरणं, मग चढणं: युद्धातून आलेल्या मुलांसाठी साहसोपचार

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. युद्धातून, बॉम्बहल्ल्यातून किंवा सीमेवरच्या रात्रीच्या पायपिटीतून आलेल्या मुलाचं दुखणं याच्याही पुढं गेलेलं असतं. समोर ताकाचा पेला नसतानाही त्याचं शरीर फुंकत राहतं. वर्गात बाक सरकल्याचा आवाज झाला की ते टेबलाखाली जातं. रात्री झोप येत नाही, आली तर अंथरूण ओलं होतं. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला की ते हात उगारतं, नाहीतर जागच्या जागी थिजतं. शाळेत त्याला मस्तीखोर किंवा मंद म्हणतात, घरी हट्टी म्हणतात. खरं तर ते मूल अजून पळतच असतं.

मेंदूत धोक्याची वर्दी देणारा एक भाग असतो, अमिग्डला. तो गिरणीच्या भोंग्यासारखा आहे असं समजा. धोका दिसला की तो वाजतो, छाती धडधडते, तळहात घामेजतात, स्नायू ताठ होतात. धोका टळला की त्यानं गप्प बसायला हवं. मोठ्या मानसिक आघातानंतर हा भोंगा जरा जरा कारणानं वाजू लागतो आणि वाजला की लवकर थांबत नाही. शिवाय त्या वेळची आठवण सलग गोष्टीसारखी साठलेली नसते. डिझेलचा वास, कुत्र्याचं भुंकणं, अंगावर पडलेला टॉर्चचा झोत असे तिचे तुटक तुकडे असतात. म्हणून ‘काय झालं ते सांग’ असं विचारून फारसं हाती लागत नाही.

यात निर्वासित मुलाची आणखी एक अडचण असते, ती आपल्या चटकन लक्षात येत नाही. आश्रय मागताना त्याच्या घरच्यांनी, कधी कधी त्यानं स्वतःही, अधिकाऱ्यासमोर बसून आपली कहाणी सांगितलेली असते. ती खरी धरली तर राहायला मिळतं, खोटी ठरली तर परत पाठवतात. त्यामुळे समोर खुर्ची, खुर्चीवर वही घेतलेला मोठा माणूस आणि मधे दुभाषी ही मांडणीच त्याला भीतीची वाटते. समुपदेशकाची खोलीही नेमकी तशीच असते.

साहसोपचार, म्हणजे अ‍ॅडव्हेंचर थेरपी, या खोलीबाहेर सुरू होतो. डोंगर, प्रस्तरारोहणाची भिंत, नदी, जंगल इथली खरीखुरी पण आटोक्यातली आव्हानं, प्रशिक्षित समुपदेशकाच्या देखरेखीखाली, आठवड्यांमागून आठवडे ठरवून वापरायची, अशी ही पद्धत आहे. समुपदेशक, तरबेज प्रशिक्षक आणि आधी आखलेला क्रम यांतलं एक जरी नसेल तर ती सहल झाली. सहल वाईट नाही. मुलांना हसायला, धावायला मिळतं, जरूर न्यावी. मात्र तिला उपचार म्हणू नये, कारण मग खऱ्या उपचारांची गरज भागली असं सगळे धरून चालतात.

यात काम नेमकं कशानं होतं? पहिली गोष्ट शरीराची. भिंतीवर तीन मीटर वर गेल्यावर मुलाची छाती धडधडते, हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते. स्फोटाच्या रात्री जे झालं तेच पुन्हा होतं, फक्त या खेपेला शेवट वेगळा होतो. दोर ताणलेला असतो, ते खाली येतं, पाणी पितं. असं वीस-तीस वेळा झालं की धडधड म्हणजे संकट नव्हे, हे शरीराला कळू लागतं. नुसतं समजावून हे साधत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे आणि सगळा भार तिच्यावरच आहे. पळून आलेल्या मुलाच्या आयुष्यातला एकही मोठा निर्णय त्याचा नसतो. घर कधी सोडायचं, कुठल्या ट्रकमध्ये चढायचं, कोणाला मागं ठेवायचं, कुठल्या तंबूत राहायचं, कोणत्या भाषेत शिकायचं, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. भिंतीवर मात्र ते ‘थांब’ म्हणालं की दोर थांबतो. ‘खाली’ म्हणालं की ते खाली येतं, कारण विचारलं जात नाही. आपल्या शब्दानं मोठ्या माणसाचे हात हलतात, हा अनुभव त्याला कित्येक महिन्यांत, काही वेळा वर्षांत मिळालेला नसतो. औषध हे आहे. उंची हे निव्वळ निमित्त. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९७१ साली सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचर’मधून ‘आव्हान स्वीकारायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं’ हे तत्त्व या क्षेत्रात रूढ झालं. निर्वासित मुलांच्या बाबतीत ते तत्त्व सोडलं, तर बाकीचं सगळं साहित्य आणि कौशल्य असूनही अपायच होतो.

हे कुठून आलं

या पद्धतीच्या मुळाशी एक निर्वासितच आहे. कुर्ट हान हे जर्मनीतल्या सालेम इथल्या शाळेचे संस्थापक-मुख्याध्यापक. जन्मानं ज्यू. हिटलरला उघड विरोध केल्यामुळे १९३३ साली त्यांना अटक झाली आणि सुटकेनंतर त्यांनी ब्रिटन गाठलं. १९४१ साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोवी इथं जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांच्या साथीनं त्यांनी ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा सुरू केली. बुडत्या जहाजावरून वाचण्यासाठी तरुण खलाशांना जी मानसिक तयारी लागते, ती समुद्र आणि डोंगर यांच्यामार्फत घडवायची, हा तिचा एक हेतू होता. आजचे बहुतेक साहसी शिक्षणाचे उपक्रम या ना त्या वाटेनं तिथंच जाऊन पोचतात.

मुलांच्या बाबतीत मात्र जास्त शिकवून जाते ती १९४५ ची घटना. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या स्टर्लिंग बॉम्बर विमानांतून सुमारे ३०० ज्यू मुलं प्रागहून उत्तर इंग्लंडमधल्या कार्लाइलजवळ उतरली आणि तिथून विंडरमियर तलावाकाठच्या कॅलगार्थ वसाहतीत आली. छळछावण्यांतून वाचलेली ही मुलं. बहुतेक किशोरवयीन, काही अगदी तीन-चार वर्षांची. वसाहत मूळची विमान कारखान्याच्या कामगारांची होती. जर्मनीतूनच आलेले ऑस्कर फ्रीडमन हे मानसशास्त्राचे जाणकार मुलांची जबाबदारी पाहत होते. ‘साहसोपचार’ हा शब्द तेव्हा नव्हता, पण तलाव होता, पोहणं होतं, सायकली होत्या, फुटबॉल होता आणि डोंगरात मनसोक्त भटकण्याची मुभा होती.

तिथं जे घडलं त्यातले दोन प्रसंग आजच्या प्रत्येक प्रशिक्षकानं लक्षात ठेवावेत. आल्या आल्या मुलांना कपडे उतरवायला सांगितलं गेलं. हेतू निखळ वैद्यकीय होता, उवा आणि रोगराई घालवायची होती. पण कपडे उतरवणं, रांग आणि पावडरीची फवारणी यांचा छळछावणीत अर्थ काय होता हे त्या मुलांना ठाऊक होतं. काही मुलं भयंकर घाबरली. दुसरा प्रसंग जेवणाचा. टेबलावर ब्रेड आला आणि क्षणात नाहीसा झाला. मुलांनी तो कपड्यांत, गादीखाली लपवला. त्यांना रागवायचं नाही, पुन्हा भरून ठेवायचं, उद्याही मिळेल हे रोज दाखवत राहायचं, एवढाच त्यावर उपाय होता. काही काळानं लपवणं थांबलं. त्या मुलांपैकी बेन हेल्फगॉट पुढं १९५६ आणि १९६० च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून वजन उचलायला उतरले. त्याचं श्रेय तलावाला देणं भाबडेपणाचं होईल, पण आपल्या शरीराची ताकद पुन्हा आपली वाटणं किती मोठं असतं, हे त्यातून समजतं.

आपल्याकडे कोल्हापूरजवळ वळिवडे इथं १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. सोव्हिएत राजवटीनं या कुटुंबांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलं होतं. तिथून इराणमार्गे ती इथं पोचली. छावणीत शाळा आणि चर्च होतं, तशीच स्काऊट-गाईडची भक्कम पथकंही होती. रोजचा ठरलेला क्रम, आपल्याच भाषेतली गाणी, शेकोटी, पायी फिरणं, मोठ्या मुलांनी लहानांना सांभाळणं हे सगळं त्यांत होतं. आजचा समुपदेशक कागदावर जो आराखडा मांडतो त्यातला बराच भाग तिथं आपसूक चालला होता. पुढं त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं.

सध्याच्या काळातलं उदाहरण लेबनॉनच्या बेका खोऱ्यातलं. सीरियातून आलेल्यांसाठी लेबनॉननं अधिकृत छावण्या उभारल्या नाहीत, म्हणून शेतांच्या कडेला तंबूंच्या वस्त्या पसरल्या. मुलं बटाट्याच्या शेतात राबतात. डोंगर समोर दिसतो, पण तिथं जायचं तर लष्करी तपासणी नाके ओलांडावे लागतात आणि कागदपत्रं नसलेल्या कुटुंबाला ते धोक्याचं वाटतं. ‘क्लाइंबएड’ या स्विस संस्थेनं यावर साधा तोडगा काढला. चढायची भिंत ट्रकवर बसवली आणि ट्रक वस्तीत नेला. मुलांना डोंगराकडे नेता येत नसेल तर काय करायचं, याचं हे फार चांगलं उत्तर आहे.

गट कसा बांधायचा

एका गटात ८ ते १० मुलं पुरेत. वयाचा फरक तीन वर्षांहून जास्त नको, कारण आठ वर्षांच्या आणि चौदा वर्षांच्या मुलाची भीती वेगळी आणि लाजही वेगळी. मोठी माणसं किमान तीन हवीत: समुपदेशक, प्रशिक्षक, दुभाषी. मुली असतील तर त्यांत निदान एक स्त्री हवीच. ही तिन्ही माणसं शेवटच्या दिवसापर्यंत बदलायची नाहीत. स्वयंसेवक येतात-जातात, छायाचित्रं काढतात आणि परत दिसत नाहीत, हे या मुलांनी भरपूर पाहिलेलं असतं.

दुभाष्याच्या निवडीत हयगय होते आणि मग सगळंच बिघडतं. एकच भाषा बोलणारे दोन लोक युद्धाच्या दोन बाजूंचे असू शकतात. उच्चारावरून मूल ते ओळखतं आणि गप्प होतं. नात्यातला माणूस दुभाषी म्हणून घेऊ नये, आणि भावंडाला तर कधीच नाही. दुभाष्यानं प्रशिक्षकाशेजारी उभं न राहता मुलाशेजारी उभं राहावं. भिंतीवरचे तीन शब्द, ‘ताण’, ‘थांब’ आणि ‘खाली’, मुलांच्या भाषेतच ठरवावेत आणि ते प्रशिक्षकानं पाठ करावेत. ऐन उंचीवर भाषांतराची वाट पाहायला वेळ नसतो. सोबत हाताच्या खुणाही ठरवून ठेवाव्यात.

पालकांची परवानगी म्हणजे कागदावर सही किंवा अंगठा घेऊन मोकळं होणं नव्हे. भिंत, दोर, हार्नेस (दोर बांधण्यासाठी अंगावर घालायचे पट्टे) त्यांना प्रत्यक्ष दाखवावं, आईला हवं तर चढून पाहू द्यावं. ‘हे वेड्यांसाठी आहे का?’ हा प्रश्न येतोच. खेळ आहे असं सांगून वेळ मारून नेऊ नये. मुलांची झोप, भीती आणि राग यांसाठी हे आहे, असं सरळ सांगावं. एकट्या आलेल्या मुलाच्या बाबतीत कायदेशीर पालकाची संमती लागते. या सगळ्यानंतर मुलाची स्वतःची संमती घ्यायची आणि तीही दर वेळी नव्यानं.

सुरुवातीला आरोग्य तपासणी हवी: दमा, फिट्स, रक्ताक्षय, जुनी मोडलेली हाडं, अंगात राहिलेले धातूचे कण, ऐकू कमी येणं. स्फोटाजवळ राहिलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्याला इजा झालेली असू शकते, आणि ‘ऐकतच नाही’ अशी तक्रार होणारं मूल खरोखरच ऐकू शकत नसतं. ज्याला जीव द्यावासा वाटतो, ज्याचं भान वारंवार हरपतं, त्या मुलाला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. गट नंतर.

मोजमापासाठी मुलांवरच्या प्रसंग-परिणामाची आठ प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे, जगभर ती सीआरआयईएस-८ या नावानं ओळखतात. तिच्यात १७ किंवा जास्त गुण आले तर मुलाकडे बारकाईनं पाहायला हवं. वागणुकीसाठी एसडीक्यू ही २५ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. दोन्ही सुरुवातीला, शेवटी आणि तीन महिन्यांनी भरून घ्याव्यात. शेवटच्या दिवशी सगळीच मुलं खुशीत असतात, तेव्हा फक्त त्या दिवशीचे आकडे धरले तर फसगत होते.

पहिल्या भेटीत काय करायचं

पूर्ण कार्यक्रम १० ते १२ आठवड्यांचा, आठवड्यातून एकदा, अडीच तासांचा ठेवावा. दर वेळी तीच जागा, तोच क्रम. पहिली वीस मिनिटं जमणं, पाणी, आणि ‘आज कसं वाटतंय’ हे पाच बोटांनी दाखवणं. शब्द लागत नाहीत, एक बोट म्हणजे वाईट, पाच म्हणजे छान. मग पंधरा मिनिटं पायाला जमीन जाणवेल असे खेळ. मग तासभर चढणं. मग खाणं, आणि शेवटी गोलात बसून पुन्हा बोटं.

पहिल्या दिवशी कोणी वर जायचं नाही. आधी उतरायला शिकवायचं. प्रत्येक मूल जमिनीपासून मीटरभर चढतं, ‘थांब’ म्हणतं, हात सोडून दोरावर बसतं, ‘खाली’ म्हणतं आणि उतरतं. हे तीनदा. मोठ्यांना हे कंटाळवाणं वाटतं आणि नवखे प्रशिक्षक ते गाळतात. मग मूल हुशारीनं सात मीटर वर जातं, खाली पाहतं आणि तिथंच गोठतं, कारण उतरणं म्हणजे काय हे त्याच्या अंगाला माहीतच नसतं. शिवाय वीस-बावीस किलोच्या मुलाचं वजन कधी कधी दोराच्या घर्षणापुढं कमी पडतं. बिले देणाऱ्यानं, म्हणजे खाली उभं राहून दोर सांभाळणाऱ्यानं, दोर सोडला तरी ते खाली सरकत नाही, वरच लटकून राहतं आणि ‘मला सोडत नाहीत’ असं त्याला वाटतं. कमी उंचीवर हे आधी कळतं आणि दोर बदलून किंवा अँकरची, म्हणजे दोर वर जिथं अडकवतात त्या आधाराची, मांडणी बदलून दुरुस्तही करता येतं.

दोर वरच्या अँकरमधून फिरून परत खाली येणारा, म्हणजे टॉप रोप, एवढ्याच प्रकारानं चढवावं. अँकर दोन स्वतंत्र बिंदूंवर, कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) कुलपाचे, बिलेचं उपकरण हात सुटला तरी दोर पकडणारं. प्रत्येक चढाईआधी चार गोष्टी मुलानं आणि प्रशिक्षकानं मिळून हात लावून तपासायच्या: बकल, आठच्या आकड्याची गाठ, बिलेचं उपकरण, कॅराबिनरचं कुलूप. मुलानंही प्रशिक्षकाची गाठ तपासायची. मोठ्या माणसाची चूक पकडण्याचा अधिकार त्याला मिळतो आणि सुरक्षाही वाढते.

लहान मुलांच्या कमरेला अजून आकार नसतो, उलटं झालं तर कमरेचं हार्नेस निसटू शकतं, म्हणून त्यांना पूर्ण अंगाचं हार्नेस द्यायचं. इथंच एक नाजूक बाब येते. हार्नेसचे पट्टे मांड्यांभोवती आवळले जातात. लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलाला हे असह्य होऊ शकतं, आणि कोणावर काय गुदरलंय हे आपल्याला माहीत नसतं. त्यामुळे नियम सगळ्यांना एकच: प्रशिक्षक स्वतःच्या अंगावर घालून दाखवतो, मूल स्वतः घालतं, तपासताना हात लावण्याआधी ‘इथं हात लावू का?’ असं विचारायचं. नाही म्हणालं तर ते मूल त्या दिवशी दोराशिवाय जमिनीलगतच्या आडव्या भिंतीवर, खाली जाड गाद्या टाकून, चढतं. त्यात कमीपणा काही नाही. हिजाब असेल तर टाचण्या काढायच्या, टोकं आत खोचायची, वर हेल्मेट बसतं का पाहायचं. सैल ओढणी बिलेच्या उपकरणात अडकू शकते.

कुठं बिघडतं

बऱ्याचदा जे चुकतं ते चांगल्या हेतूनं चुकतं. शिट्टी वाजवून सगळ्यांना गोळा करणं, रांगेत उभं करून मोजणं, प्रशिक्षकांनी लष्करी छापाचे हिरवे कपडे घालणं, डोळ्यांवर पट्टी बांधून विश्वासाचे खेळ खेळणं. एरवीच्या शिबिरात यात काही गैर नाही. इथं यातली प्रत्येक गोष्ट भोंगा वाजवू शकते. समुद्रातून रबरी होडीनं आलेल्या मुलासाठी नारिंगी लाइफ जॅकेट ही सुरक्षेची खूण नसते. त्यानं ते घालून माणसं बुडताना पाहिलेली असू शकतात. पाण्यात उतरायचंच असेल तर जॅकेट दुसऱ्या रंगाचं घ्यावं, आधी कोरड्या जमिनीवर घालून बसावं, आणि गुडघाभर पाण्याच्या पुढं कधी जायचं ते मुलानं सांगावं. बाल्कनमधली सीमा जंगलातून रात्री ओलांडलेल्या मुलाला पाठीवर पिशवी घेऊन झाडीतून एका ओळीत चालणं म्हणजे पदभ्रमण वाटत नाही. त्याच्यासाठी उघड्या पठारावरची, पुढचं सगळं दिसणारी वाट निवडावी. कोणत्या दिशेनं जायचं ते आलटून पालटून मुलांनीच ठरवावं.

मूल भिंतीवर गोठलं तर काय करायचं? आधी साधी भीती आणि भान हरपणं यांतला फरक ओळखायचा. घाबरलेलं मूल तुमच्याकडे पाहतं, ओरडतं, रडतं, उत्तर देतं. भान हरपलेल्या मुलाची नजर काचेसारखी होते, हाकेला ओ येत नाही, अंग लाकडासारखं किंवा ढिलं पडतं. पहिल्याला थोडा वेळ आणि पर्याय द्यायचे: ‘तिथंच थांबायचं, की खाली यायचं?’ दुसऱ्याला प्रश्न विचारायचे नाहीत. दोर ताणून धरायचा, शांत आणि सपाट आवाजात नाव घ्यायचं आणि फक्त खरं चाललंय ते सांगायचं: ‘दोर माझ्या हातात आहे. आज मंगळवार आहे. आपण भिंतीवर आहोत. मी तुला हळूहळू खाली आणतोय.’ खालून इतरांनी ‘जमेल, जमेल, अजून थोडं’ असा गलका करणं सगळ्यात वाईट. खाली आल्यावर तळपाय जमिनीवर दाबायला लावायचे, गार पाण्याची बाटली हातात द्यायची, आजूबाजूच्या पाच दिसणाऱ्या वस्तू मोजायला लावायच्या. श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. काय आठवलं ते त्या वेळी विचारू नये. एकदाच बसवून घडलेलं सगळं वदवून घेणं आघातानंतर उपयोगाचं नाही, जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका असंच सांगते. मूल आपणहून बोललं तर ऐकावं, न बोललं तर खाऊ द्यावं.

रात्रीचा मुक्काम सहाव्या-सातव्या भेटीआधी नको. मंद दिवा रात्रभर सुरू ठेवायचा, तंबूची चेन मुलाला आतून उघडता आली पाहिजे, कोण कुठं झोपेल ते दिवसाच दाखवायचं. काही मुलं बूट घालूनच झोपतात, म्हणजे पळायची वेळ आली तर तयारी असते. झोपू द्यावं. बदलायच्या चादरी प्रत्येक तंबूत आधीच ठेवाव्यात, म्हणजे सकाळी कोणाला मागायला यावं लागत नाही. फटाके, हवेतले कंदील, ड्रोन यांना पूर्ण बंदी.

छायाचित्रांबद्दल आमचं मत कडक आहे: चेहरे दिसतील अशी काढूच नयेत. मागं राहिलेल्या नातलगांचा जीव त्या एका फोटोनं धोक्यात येऊ शकतो. देणगीदारांना दोराच्या गाठीचा फोटो पाठवावा. भेटीच्या नोंदीही मोजक्याच ठेवाव्यात. त्या आश्रयाच्या अर्जाच्या कामी मागवल्या जाऊ शकतात आणि मुलानं भीतीपोटी बोललेलं एखादं वाक्य कुटुंबाविरुद्ध वापरलं जाऊ शकतं.

एक धोका वेगळ्याच जातीचा आहे. अमेरिकेत बिघडलेल्या किशोरांसाठी म्हणून चालणाऱ्या काही खासगी ‘वाइल्डरनेस’ कार्यक्रमांत मुलांना जबरदस्तीनं नेलं गेलं, उपाशी ठेवलं गेलं, काही मुलं दगावली. तिथल्या संसदेसाठी काम करणाऱ्या सरकारी तपास यंत्रणेनं २००७ साली याबद्दल सविस्तर अहवाल दिला. साहस तेच, डोंगर तेच, पण निवड काढून घेतलेली. असल्या कार्यक्रमाला साहसोपचार म्हणू नये.

याचा उपयोग कितपत होतो

साहसोपचारावरच्या १९७ अभ्यासांचा एकत्रित आढावा बोवेन आणि नील यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सरासरी परिणाम मध्यम आकाराचा, ०.४७ इतका आला. पण त्यांतले फार थोडे अभ्यास निर्वासित मुलांवरचे होते, आणि बऱ्याच अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून छातीठोक दावे करू नयेत. आघातातून आलेल्या विकारासाठी मुलांवर सर्वांत भक्कम पुरावा आजही आघात-केंद्रित बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे आघाताच्या आठवणी आणि विचार यांवर टप्प्याटप्प्यानं बोलून काम करणाऱ्या टीएफ-सीबीटीचा आहे. साहसोपचार त्याच्या जोडीला चालतो. खोलीत तोंड न उघडणारं मूल दोन महिने भिंतीवर चढल्यावर त्या उपचाराला बसू शकतं, हा त्याचा मोठा उपयोग.

ज्या कुटुंबाच्या आश्रयाचा निकाल लागलेला नाही, ज्याचा तंबू हिवाळ्यात गळतो, त्या घरातल्या मुलाचा भोंगा पूर्ण थांबणार नाही, कारण धोका खरोखरच संपलेला नसतो. अशा वेळी वकील आणि ताडपत्री यांची गरज दोराइतकीच असते, आणि चांगला गट ती सांगायला लाजत नाही.

शेवटच्या भेटीची तयारी पहिल्या भेटीपासून करावी लागते. या मुलांनी माणसं अचानक गमावलेली असतात. बारावा आठवडा न सांगता आला तर पुन्हा तेच घडतं. साधा मार्ग असा: मीटरभर दोराला बारा गाठी मारून तो भिंतीपाशी टांगायचा आणि दर भेटीच्या शेवटी एका मुलानं एक गाठ सोडायची. किती उरल्या हे वाचता न येणाऱ्यालाही दिसतं. शेवटची गाठ सुटल्यावर त्या दोराचे तुकडे कापून, टोकं वितळवून, ज्याचा त्याला द्यावेत. पुढच्या आठवड्यापासून जवळच्या एखाद्या क्लबमध्ये त्याच वारी, त्याच वेळी चढायला जाता येईल अशी सोय आधीच करून ठेवावी. चौदा वर्षांच्या पुढच्या मुलांना, मागं एक मोठा माणूस दोराचं टोक धरून असताना, नव्या गटातल्या मुलांना बिले द्यायला शिकवावं. आणि त्यांनाही पहिल्या दिवशी हेच शिकवायचं: वरून ‘खाली’ असा आवाज आला की विचारायचं नाही, उतरवायचं.